आधी बघू तर द्या

प्रयोगशाळेत नमुन्याबरोबर जो कागद येतो, त्यावर 'तक्रार' असा एक रकाना असतो. योनिमार्गातून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना, म्हणजे स्वाब असेल, तर त्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द लिहिलेला असतो: स्राव. डॉक्टर जरा सढळ हाताचे असतील तर 'स्राव, खाज'. आयुष्याचा बराच काळ मी मायक्रोस्कोपला डोळा लावून काढला, आणि या रकान्याशी माझं जुनं भांडण आहे. कागदावर जे नमुने जुळी भावंडं वाटतात, ते काचेवर उतरले की त्यांचं एकमेकांशी काही नातंच उरत नाही. एकीत बुरशी, दुसरीत जिवाणूंचा उच्छाद, तिसरीत वळवळणारा परजीवी आणि चौथीत चक्क काहीच नाही. चौघींनी नमुना देण्याआधी मलम मात्र एकच लावलेलं असतं, कुणीतरी सुचवलेलं, खाजेवरचं. ते लागू पडणार चौघींपैकी एकीला.

योनिमार्गाच्या दाहाबद्दल लिहायचं तर सुरुवात निरोगी काचेपासून करायला हवी. तिच्यावर सहसा कुणी बोलत नाही, आणि निम्मा घोळ तिथेच होतो.

निरोगी नमुन्यात मोठ्या, चपट्या, कडा स्वच्छ असलेल्या पेशी दिसतात आणि त्यांच्या आजूबाजूला लांबट, सरळ काड्यांसारखे जिवाणू. हे लॅक्टोबॅसिलस. अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरने 1892 मध्ये त्यांचं वर्णन केलं. आम्हाला शिकवणारे एक जुने सर शेवटपर्यंत त्यांना 'डोडरलाइनचे' असंच म्हणायचे, जणू डोडरलाइनने ते पाळले होते. या जिवाणूंची व्यवस्था मोठी देखणी आहे. इस्ट्रोजेन हे संप्रेरक योनीच्या अस्तरातल्या पेशींमध्ये ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, भरून ठेवतं, पेशी झडल्या की ते मोकळं होतं, त्याचे तुकडे होतात आणि ते खाऊन लॅक्टोबॅसिलस लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे पाळीच्या वयातल्या स्त्रीच्या योनीचा पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 3.8 ते 4.5 राहतो, म्हणजे चांगलाच आंबट. इतक्या आम्लात बाहेरून आलेल्या बहुतेक जंतूंचं काही चालत नाही. सगळ्याच निरोगी बायकांमध्ये हे चित्र इतकं साचेबंद असतं असंही नाही. काहींमध्ये लॅक्टोबॅसिलस कमी असतात, इतर जिवाणू जास्त असतात आणि त्यांना आयुष्यभर कसला त्रास होत नाही.

या पेशी, हे जिवाणू आणि गर्भाशयाच्या मुखातून येणारा चिकट द्राव मिळून जे बाहेर येतं, तेच पांढरं पाणी. दिवसाला 1 ते 4 मिलिलिटर हे अगदी नेहमीचं प्रमाण. पाळीच्या मधल्या दिवसांत ते पारदर्शक होतं, बोटात धरलं तर तार सुटते. गरोदरपणात वाढतं. अंतर्वस्त्रावर वाळलं की पिवळसर दिसतं. 'अंगावरून जातंय' म्हणून धास्तावून आलेल्या कितीतरी जणींच्या काचेवर मी हेच पाहिलं आहे आणि अहवालात 'विशेष काही नाही' असं लिहिलं आहे. हे वाक्य वाचून काही जणी खट्टू होतात. त्यांना वाटतं, तपासणीत काही सापडलं नाही म्हणजे तपासणीच नीट झाली नाही.

मग धुणं सुरू होतं. हा विषय निघाला की माझा आवाज चढतो, घरचे साक्षीदार आहेत. योनीच्या आत पाणी, साबण, जंतुनाशक, सुगंधी द्रव, काहीही सोडायची गरज नाही. बाहेरची त्वचा, म्हणजे दोन्ही ओठांचा भाग, साध्या पाण्याने धुतला की पुरे. साधा साबण आम्लाच्या अगदी उलट टोकाचा असतो, त्याचा पीएच 9-10 पर्यंत जातो. तो आत गेला की लॅक्टोबॅसिलसचं बस्तान उठतं, आणि नियमितपणे आतून धुणाऱ्या बायकांमध्ये जिवाणूंचा त्रास जास्त आढळतो, गर्भाशय आणि नलिकांपर्यंत चढणारा संसर्गही जास्त आढळतो. 'पीएच संतुलित' असं छापलेल्या बाटल्यांचं काय, असं मला नेहमी विचारतात. जे शरीर स्वतःचा पीएच स्वतः राखतं, त्याला बाटली कशाला हवी, हा माझा उलट प्रश्न असतो. या बाटल्या विकल्या जातात त्या रोगावर नाही, लाजेवर.

आता त्या चार काचा एकेक करून बघू.

पाळीच्या वयात सगळ्यात जास्त सापडते ती जिवाणूंची काच, बॅक्टेरियल व्हजायनोसिस. इथे कुठला एक शत्रू घुसलेला नसतो. लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि एरवी कोपऱ्यात गप्प बसणारे, हवेशिवाय जगणारे जिवाणू शेकडो पटींनी माजतात. 1955 मध्ये गार्डनर आणि ड्यूक्स यांनी यातला एक जिवाणू पकडला, पुढे त्याला गार्डनरचंच नाव मिळालं, गार्डनरेला. पण तो एकटा नसतो, टोळीच असते. काचेवरची खूण एकदा पाहिली की विसरत नाही. अस्तराच्या पेशीवर हे बारीक जिवाणू इतके दाट चिकटतात की तिची कड हरवते, ओल्या शाईच्या रेघेवर कुणी बारीक वाळू टाकावी तशी. हिला क्लू सेल म्हणतात. दर पाच पेशींत निदान एक अशी दिसली, तर ती निदानाची एक खूण झाली. बाकीच्या तीन खुणा म्हणजे पातळ, एकजीव, राखाडी-पांढरा स्राव, 4.5 च्या वर गेलेला पीएच आणि काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर येणारा मासळीचा वास. चारांपैकी तीन जुळल्या की निदान पक्कं. हे निकष 1983 चे, अॅमसेलच्या नावाने ओळखले जातात. तो थेंब टाकून काच नाकाजवळ नेणं हे आमच्या कामातलं सगळ्यात कमी शोभिवंत काम, पण त्याला पर्याय देणारं चकचकीत यंत्र सगळीकडे पोचलेलं नाही.

या काचेवर पू-पेशी फारशा नसतात. म्हणजे खऱ्या अर्थाने सूज, लाली, आग यात कमीच. त्रास मुख्यतः वासाचा. संबंधानंतर आणि पाळीत हा वास वाढतो, कारण वीर्य आणि रक्त दोन्ही अल्कधर्मी; तिथे काचेवर जे काम पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब करतो, तेच ते शरीरात करतात. बाईला मात्र वाटतं आपणच अस्वच्छ आहोत. ती आणखी धुते, आतून धुते, उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही वाहून जातात आणि वास आणखी वाढतो. या चक्रात वर्षानुवर्षं अडकलेल्या बायका मला माहीत आहेत. नवऱ्याजवळ झोपायचं टाळणाऱ्या, लिफ्टमध्ये कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या.

औषध आहे, मेट्रोनिडॅझोल, बहुधा सात दिवसांसाठी. तोंडाला धातूसारखी चव येते, तरी कोर्स पुरा करायचा. योनीत घालायची क्लिंडामायसिनची क्रीमही असते; तिच्यातल्या तेलामुळे कंडोम कमजोर होतो, हे क्रीम देताना कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. अडचण पुढे आहे. बऱ्या झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणींना वर्षाच्या आत हे परत होतं. कितीतरी वर्षं उत्तर ठरलेलं होतं: पुन्हा गोळ्या घ्या. पुरुष जोडीदाराला औषध देऊन फायदा नाही, असंच पुस्तकात होतं. मग मार्च 2025 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. एकमेकांशीच संबंध असलेल्या जोडप्यांत स्त्रीबरोबर पुरुषालाही सात दिवस गोळ्या आणि शिश्नावर लावायची क्रीम दिली. बारा आठवड्यांत ज्यांचा त्रास उलटला अशा स्त्रिया त्या गटात 35 टक्के निघाल्या. फक्त स्त्रीला औषध दिलेल्या गटात 63 टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मध्येच थांबवला गेला. तो वाचताना मला आनंद झाला आणि रागही आला. इतकी वर्षं ज्या बायकांना 'तुमचंच काहीतरी चुकतंय' असं ऐकवलं गेलं, त्यांच्यातल्या किती जणींना घरूनच पुन्हा लागण होत होती!

दुसरी काच बुरशीची. कॅन्डिडा. हिच्यावर फांद्या फुटलेले लांब धागे दिसतात आणि त्यांना चिकटलेल्या अंडाकृती कळ्या. पीएच मात्र बहुतेक वेळा नेहमीचाच, 4.5 च्या खाली. म्हणजे नुसती पीएचची पट्टी लावली तरी पहिल्या आणि दुसऱ्या काचेची बरीचशी फारकत होते. ही पट्टी स्वस्त, सोपी, मिनिटभराची आणि तरी कुणी वापरत नाही, याचं मला कायम नवल वाटत आलं आहे. फक्त ती योनीच्या बाजूच्या भिंतीला लावायची. गर्भाशयाच्या मुखाचा द्राव, रक्त किंवा वीर्य लागलं की आकडा फसवतो.

बुरशीत खाज असते, ती बसू देत नाही अशी. सोबत लाली, सूज, लघवी त्वचेला लागली की आग, आणि कधी फाटलेल्या दुधासारखा घट्ट स्राव. आयुष्यात एकदा तरी हा त्रास होणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण 75 टक्क्यांच्या आसपास धरलं जातं. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर, गरोदरपणात, साखर ताब्यात नसताना तो उसळतो. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या नव्या गोळ्यांनीही तो वाढू शकतो. पण हीच बुरशी 10 ते 20 टक्के बायकांमध्ये कसलाही त्रास न देता राहते. त्यामुळे तक्रार नसताना केवळ कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या चाचणीत) 'कॅन्डिडा वाढली' म्हणून औषध घ्यायचं कारण नाही.

आणि खाज म्हणजे बुरशीच, हे समीकरण किती फसवं आहे ते 2002 मधल्या एका अमेरिकी अभ्यासाने दाखवलं. स्वतःच निदान करून दुकानातून बुरशीचं औषध घ्यायला निघालेल्या 95 स्त्रियांना तपासलं, तर खरी बुरशी जेमतेम एक तृतीयांश जणींना होती. आधी कधीतरी डॉक्टरांनी बुरशीचं निदान केलेल्या बायकांचे अंदाजही काही जास्त बरोबर नव्हते.

साध्या बुरशीला फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅमची एक गोळी किंवा काही दिवसांची क्रीम पुरते. गरोदर स्त्रीने गोळी घ्यायची नाही, योनीत घालायचं औषध सात दिवस वापरायचं. वर्षात तीनदा किंवा त्याहून जास्त वेळा झालं तर मात्र पुन्हा तीच गोळी विकत आणणं थांबवायला हवं. तेव्हा कल्चर करून बुरशीची जात ओळखायची, रक्तातली साखर बघायची. कॅन्डिडा ग्लॅब्राटा नावाची जात नेहमीच्या गोळ्यांना फारशी दाद देत नाही. नेहमीचीच जात असेल तर आधी तीन-तीन दिवसांच्या अंतराने काही गोळ्या आणि मग आठवड्याला एक अशी सहा महिने, हा रुळलेला मार्ग आहे. हट्टी जातींसाठी बोरिक अॅसिडच्या योनीत ठेवायच्या कॅप्सूल डॉक्टर देतात. त्या तोंडाने घेणं विषारी आहे, म्हणून मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्या लागतात, आणि गरोदरपणात त्या चालत नाहीत.

तिसरी काच मला सगळ्यात आवडते, हे सांगायला जरा विचित्र वाटतं. तो वळवळणारा परजीवी, ट्रायकोमोनास. 1836 मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड डोने यांनी तो मायक्रोस्कोपखाली पाहिला. ताजा नमुना, सलाइनचा थेंब, वर कव्हरस्लिप, आणि पू-पेशींच्या गर्दीत एक पेशी अचानक झटके देत सरकते. थांबते, थरथरते, पुन्हा झटका. जिवंत काही दिसल्याचा जो लहानसा धक्का बसतो, तो इतक्या वर्षांनीही गेलेला नाही. पण त्यासाठी नमुना लगेच बघावा लागतो. तो थंड झाला किंवा तासभर पडून राहिला की परजीवी हालचाल थांबवतो आणि मग त्याला पू-पेशीतून वेगळं ओळखणं कठीण. म्हणून नुसत्या काचेवर जवळजवळ निम्मे रुग्ण निसटतात. जनुकीय चाचणीत ते सापडतात. ती चाचणी बाईने स्वतः घेतलेल्या स्वाबवरही तितकीच चांगली होते, तपासणीच्या टेबलावर पाय वर करून झोपायची ज्यांना धास्ती वाटते त्यांनी हे आवर्जून विचारावं.

हा आजार शरीरसंबंधातून पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2020 मध्ये जगभरात त्याच्या सुमारे 15 कोटी 60 लाख नव्या लागणी झाल्या. जोडीदाराला तक्रार नसली तरी दोघांनी औषध घ्यायचं, दोघांचा कोर्स संपून तक्रारी जाईपर्यंत संबंध टाळायचे आणि तीन महिन्यांनी स्त्रीची पुन्हा तपासणी करायची. अहवाल हातात पडल्यावर घरात काय होतं, याची मला कल्पना आहे. म्हणून एक गोष्ट नीट सांगते. हा परजीवी काही महिने, कधी त्याहूनही जास्त काळ, काहीही त्रास न देता राहू शकतो. लागण कधी झाली आणि कुणाकडून कुणाला, हे कुठलीच काच सांगत नाही. तिच्या जोरावर कुणी कुणाला गुन्हेगार ठरवू नये.

उरली ती रिकामी काच. खाज आहे, आग आहे, आणि जंतू नाहीत. इथे डॉक्टरांनी बाहेरची त्वचा नीट उजेडात बघणं हाच खरा तपास. सुगंधी पॅड, ओले रुमाल, कपड्यांचा साबण, केस काढायची क्रीम, यांच्या नुसत्या संपर्काने त्वचा पेटते. कधी कधी ज्या मलमाने बरं व्हायचं, त्याच मलमातला एखादा घटक आग लावत असतो. कधी लायकेन स्क्लेरोसस असतो: त्वचा पांढरट, कागदासारखी पातळ, रात्री झोपमोड करणारी खाज. त्यावर उपाय आहे तीव्र स्टेरॉइडचं मलम, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दीर्घकाळ. आणि तेच स्टेरॉइड बुरशीवर एकटं लावलं, तर दोन दिवस खाज निवते आणि बुरशी खालून पसरत राहते. एकाच जागची खाज, एकीचं औषध दुसरीचा अपाय. स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकाच नळीत कोंबलेली मलमं म्हणूनच मला पटत नाहीत. त्यांनी आराम पडतो तो निदान न करता, आणि चार आठवड्यांनी खरा आजार ओळखू येणार नाही इतका बदललेला असतो.

तपासणीला जायचं ठरवलंत तर आधीचे दोन दिवस योनीत काही औषध घालू नका, आतून धुऊ नका, संबंध टाळा. स्राव बघायचा असतो, म्हणून तो पुसूनपुसून स्वच्छ होऊन जाण्याचा मोह आवरा. (नव्वद टक्के बायकांना हे जमणार नाही, ठाऊक आहे मला. आकडा माझ्या मनाचा.) सोबत ताप असेल, ओटीपोटात दुखत असेल, फोड किंवा जखम असेल, दिवस गेलेले असतील किंवा तक्रार लहान मुलीची असेल, तर वाट बघत बसायचं नाही.

रिकाम्या काचेचा एक प्रकार मी स्वतःच्या अंगावर ओळखला. पाळी जाऊन काही काळ झाला होता. आधी नुसता कोरडेपणा, मग चालताना चरचर, मग लघवीला आग. लघवीची तपासणी निर्दोष. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर मी माझा स्वतःचा स्वाब काचेवर घेतला. मोठ्या चपट्या पेशी जवळपास नाहीशा झालेल्या, त्यांच्या जागी लहान, गोल, मोठ्या केंद्रकाच्या पेशी. या खालच्या थरातल्या, एरवी वर न येणाऱ्या. लॅक्टोबॅसिलस नाहीतच. पट्टी 6 च्या पुढे. इस्ट्रोजेन गेलं, तसं ग्लायकोजेन गेलं, जिवाणूंचं अन्न गेलं, आम्ल गेलं, अस्तर पातळ झालं. पुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा. बाळंतपणानंतर अंगावर पाजणाऱ्या तरुण मुलींमध्येही थोड्या काळासाठी हेच चित्र दिसतं, आणि त्यांना कुणी आधी सांगून ठेवलेलं नसतं.

अंगातून वाफा निघणं कालांतराने ओसरतं. हा कोरडेपणा आपोआप ओसरत नाही, उलट वाढतो. सौम्य त्रासाला योनीसाठीचं मॉइश्चरायझर आणि संबंधाच्या वेळी वंगण पुरतं. त्याने भागलं नाही तर योनीत घालायची इस्ट्रोजेनची अगदी कमी मात्रेची गोळी किंवा क्रीम. तिच्यातलं रक्तात जाणारं प्रमाण फार थोडं असतं, तरी स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीने कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घ्यायची नाही. मला डॉक्टरांनी गोळी दिली, पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. फरक जाणवायला काही आठवडे गेले. औषध बंद केलं की त्रास परततो, म्हणून ते चालू ठेवायचं आणि अधूनमधून डॉक्टरांना दाखवायचं. मधे कधी रक्ताचा डाग दिसला, अगदी थेंबभर, तर तो कोरडेपणाचाच असेल असं घरी बसून ठरवायचं नाही. पाळी गेल्यानंतरच्या रक्तस्रावाची तपासणी वेगळी असते आणि ती लगेच करून घ्यायची असते.